पार्श्वभूमीवर चालणारा इमॅक्स आणि त्याच्या चौकटी

देवगड तालुक्यातील आमच्या घराच्या माडीवर एक जुना डेस्कटॉप आहे आणि त्यावर इमॅक्स हा टेक्स्ट एडिटर दिवसरात्र चालू असतो. पडद्यावर तो बहुतेक वेळ दिसत नाही. संगणक सुरू झाला की तो सेवा म्हणून पार्श्वभूमीवर उभा राहतो, आणि मला जेव्हा काही लिहायचे असते तेव्हा मी त्याला हाक मारतो. माझे भाषांतराचे सगळे काम, त्यासोबतच्या शब्दसूची आणि आमच्या हापूसच्या कलमांचा हिशेब, म्हणजे फवारणीच्या तारखा, राखणदाराची मजुरी, पेट्यांची जावक, हे सर्व या एकाच चालत्या इमॅक्समध्ये उघडलेले असते. ही व्यवस्था मला मनापासून आवडते. परंतु ती अंगवळणी पडायला मला बराच काळ लागला, आणि अडचण प्रत्येक वेळी एकाच जागी येत होती. एडिटर सेवा झाला की त्याच्या खिडक्यांचे काय करायचे, हा प्रश्न आपल्याला नव्याने सोडवावा लागतो. त्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

प्रथम शब्दांचा उलगडा केला पाहिजे, कारण इमॅक्सच्या मदतपुस्तिकेत नवा माणूस इथेच अडखळतो. आज सर्वजण ज्याला विंडो म्हणतात, म्हणजे पडद्यावर उघडणारा, कडा असलेला आणि बंद करण्याचे बटण असलेला चौकोन, त्याला इमॅक्समध्ये ‘फ्रेम’ म्हणतात. त्या फ्रेमच्या आत जे भाग पडतात, त्यांना इमॅक्स ‘विंडो’ म्हणतो. इमॅक्सची ही परिभाषा ग्राफिकल पडदे घरोघरी पोचण्याआधीच्या काळात घडली, आणि ती पुढेही तशीच राहिली. मराठीत मात्र हा गोंधळ फारसा उरत नाही. फ्रेमला चौकट म्हणावे आणि विंडोला खिडकी म्हणावे, की चित्र आपोआप स्पष्ट होते. आमच्या जुन्या घराच्या खिडक्यांना एकाच लाकडी चौकटीत वरच्या झडपा निराळ्या आणि खालच्या निराळ्या आहेत. वारा हवा असेल तर वरच्या उघडाव्यात, पावसाची झड येत असेल तर खालच्या लावून घ्याव्यात. इमॅक्सची चौकट आणि तिच्यातील खिडक्या यांचे नाते मला नेहमी तसेच वाटत आले आहे. या लेखात पुढे मी चौकट आणि खिडकी हेच शब्द वापरणार आहे, आणि लेखाचा बराचसा भाग चौकटींविषयी आहे, कारण डीमनच्या, म्हणजे पार्श्वभूमीवर सेवा म्हणून चालणाऱ्या इमॅक्सच्या, बाबतीत खरा प्रश्न त्यांचाच असतो.

इमॅक्सला डीमन म्हणून सुरू करण्याची सोय २००९ मध्ये आलेल्या तेविसाव्या आवृत्तीत मिळाली. त्याआधीही एका चालत्या इमॅक्सला सर्व्हर करून इमॅक्सक्लायंट या छोट्या जोड-प्रोग्रामने त्याच्याकडे फायली पाठवता येत असत, पण त्यासाठी निदान एक चौकट उघडी ठेवणे भाग होते. डीमनमुळे ते बंधन गेले. इमॅक्स एकदाच सुरू होतो, आपली सर्व मांडणी, म्हणजे वापरणाऱ्याने लिहून ठेवलेली सेटिंग्ज, एकदाच वाचतो, आणि मग एका सॉकेटवर, म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलण्याच्या मार्गावर, कान ठेवून बसून राहतो. माझी मांडणी वर्षानुवर्षे वाढत गेल्यामुळे ती वाचायला या जुन्या यंत्राला आठ-दहा सेकंद लागतात. डीमन चालू असताना नवी चौकट मात्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच समोर येते. २०१८ च्या सव्विसाव्या आवृत्तीपासून लिनक्सवरील सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामसाठी तयार सेवा-फाइल इमॅक्सच्या सोबतच मिळू लागली, त्यामुळे ही सेवा कायमची सुरू करणे म्हणजे एका आज्ञेचे काम झाले आहे.

पहिला धडा मला अक्षरांनी शिकवला. मी मांडणीच्या फाइलमध्ये लिहिले होते की ग्राफिकल पडदा असेल तर अमुक फॉन्ट अमुक आकारात लावावा आणि देवनागरीसाठी नोटोचा फॉन्ट घ्यावा. साध्या पद्धतीने इमॅक्स उघडला की सर्व काही ठीक दिसे. डीमन म्हणून सुरू केला की तोच इमॅक्स बारीक, अनोळखी अक्षरांची चौकट समोर ठेवी, आणि मराठी मजकूर कुठल्यातरी भलत्याच फॉन्टमध्ये उमटे. मी कितीतरी वेळा ती फाइल तपासली. फाइलमध्ये चूक नव्हती. चूक वेळेची होती: डीमन मांडणी वाचतो तेव्हा कोणतीही ग्राफिकल चौकट अस्तित्वातच नसते. त्या क्षणी त्याच्याजवळ ‘एफ-१’ नावाची एकच अदृश्य, नाममात्र चौकट असते, आणि पडदा ग्राफिकल आहे का, असे विचारले तर तो प्रामाणिकपणे नाही असेच सांगतो. म्हणून माझी अट खोटी ठरत होती आणि तिच्या आतील ओळी कधी चालतच नव्हत्या.

यावरचा उपाय म्हणजे दिसण्यासंबंधीच्या गोष्टी सुरुवातीच्या क्षणाला न बांधता चौकटीच्या जन्माला बांधणे. ज्या गोष्टी प्रत्येक चौकटीला सारख्याच लागू होतात, म्हणजे मुख्य फॉन्ट, रुंदी-उंची, वरच्या साधनपट्टीचे असणे-नसणे, त्या ‘डिफॉल्ट-फ्रेम-अलिस्ट’ या यादीत घालाव्यात; नवी चौकट घडताना इमॅक्स ती यादी स्वतःच पाहतो. ज्या गोष्टी पडदा पाहून ठरवायच्या असतात, त्या हुकवर, म्हणजे ठरावीक घटनेच्या वेळी आपोआप चालणाऱ्या फंक्शनांच्या यादीवर, टाकाव्यात. पूर्वी यासाठी ‘आफ्टर-मेक-फ्रेम-फंक्शन्स’ वापरावे लागे, आणि त्यात कोणत्या चौकटीविषयी बोलणे चालले आहे हे स्वतः सांभाळावे लागे. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या सत्ताविसाव्या आवृत्तीत ‘सर्व्हर-आफ्टर-मेक-फ्रेम-हुक’ आला. क्लायंटने चौकट उघडली की तो चालतो आणि त्या वेळी नवी चौकटच निवडलेली असते, त्यामुळे लिहायचे काम सोपे होते. माझ्या देवनागरी फॉन्टची ओळ आता तिथे आहे आणि तेव्हापासून तिने मला त्रास दिलेला नाही. त्याच आवृत्तीपासून अक्षरांच्या जुळणीसाठी हार्फबझ ही लायब्ररी वापरली जाऊ लागले हेही इथे कृतज्ञतेने नोंदवायला हवे, कारण मराठीत लिहिणाऱ्याच्या दृष्टीने जोडाक्षरे नीट जुळणे ही काही शोभेची गोष्ट नव्हे.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे, आणि माझ्या मते डीमनच्या वापरातील मुख्य प्रश्न तोच आहे. फाइल उघडायला सांगितली तर ती कुठे उघडायची? साधा एडिटर जिथे सुरू केला तिथेच असतो, म्हणून हा प्रश्न त्याच्या वाट्याला येत नाही. डीमनच्या मात्र एकाच वेळी चार चौकटी निरनिराळ्या कार्यक्षेत्रांवर (वर्कस्पेसवर) उघड्या असू शकतात. मी पहिल्या कार्यक्षेत्रावर भाषांतर करीत असे, तिसऱ्यावर टर्मिनल उघडून गिट या फायलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रोग्राममध्ये बदल नोंदवायला जात असे, आणि टर्मिनलमध्ये ‘वेटिंग फॉर इमॅक्स’ एवढी एकच ओळ येऊन सगळे थांबून राही. नोंदीचा मजकूर लिहिण्यासाठीचे बफर (इमॅक्समध्ये उघडलेल्या मजकुराला बफर म्हणतात) पहिल्या कार्यक्षेत्रावरच्या चौकटीत, भाषांतराच्या मजकुरावर जाऊन बसलेले असे. मला वाटे की यंत्र अडकले. अनेकदा मी टर्मिनलमधून ती आज्ञा तोडून टाकली आहे, आणि नंतर भाषांतराकडे परतल्यावर तिथे अनोळखी मजकूर पाहून गोंधळलो आहे.

इमॅक्सक्लायंटला कोणताही पर्याय न देता हाक मारली तर तो आधीच उघड्या असलेल्या चौकटीत फाइल उघडतो. ‘सी’ हा पर्याय दिला तर नवी ग्राफिकल चौकट उघडते, आणि ‘टी’ दिला तर ज्या टर्मिनलमधून हाक मारली त्याच टर्मिनलमध्ये चौकट उघडते. २०२२ च्या अठ्ठाविसाव्या आवृत्तीत ‘आर’ हा पर्यायही आला. असलेली चौकट असेल तर ती वापरावी आणि नसेल तरच नवी उघडावी, असा त्याचा अर्थ. याशिवाय ‘सर्व्हर-विंडो’ नावाचे एक चल (व्हेरिएबल) आहे, ज्यात आपण एखादे फंक्शन देऊन क्लायंटची बफरे कशी दाखवायची हे ठरवू शकतो. इतके मार्ग पाहून माणूस गांगरतो. मी सगळे मार्ग काही महिने वापरून पाहिले आणि शेवटी एकाच नियमावर आलो. आमच्या वाडीत कोणी कुंपणापलीकडून हाक मारली तर जिथून हाक आली त्या बाजूला जाऊन ओ देतात, मागच्या दारी जाऊन उत्तर देत नाहीत. तसेच इथे: टर्मिनलमधून आलेली हाक त्याच टर्मिनलमध्ये पुरी व्हावी, म्हणून गिटसाठी ठरवलेल्या एडिटरमध्ये ‘टी’ हा पर्याय कायमचा घातला आहे. फाइल-व्यवस्थापकातून दुहेरी क्लिक केलेल्या फाइलसाठी ‘आर’. आणि नव्या कामासाठी मुद्दाम उघडलेल्या चौकटीसाठी ‘सी’, तोही नाव देऊन.

नाव देण्याचा हा भाग मला विशेष मोलाचा वाटतो. इमॅक्सक्लायंटला ‘एफ’ या मोठ्या अक्षराच्या पर्यायाने चौकटीचे गुणधर्म सांगता येतात आणि त्यात नावही असते. माझ्या कळफलकावरील एक कळ ‘बाग’ नावाची चौकट उघडते आणि तिच्यात हिशेबाची फाइल आणते. दुसरी कळ ‘भाषांतर’ नावाची चौकट उघडते आणि तिचे उभे दोन भाग करून डावीकडे मूळ मजकूर आणि उजवीकडे मराठी मजकूर ठेवते. मी आय-थ्री हा विंडो मॅनेजर वापरतो, आणि त्याला शीर्षकावरून चौकट ओळखून ठरावीक कार्यक्षेत्रावर पाठवण्याचा नियम लिहिता येतो. म्हणून ‘बाग’ नेहमी चौथ्या कार्यक्षेत्रावर उघडते आणि ‘भाषांतर’ पहिल्यावर. एकदा हे बसवले की चौकटी शोधाव्या लागत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा दिवसातून दहा वेळा कोणीतरी खालून ओरडून किती पेट्या गेल्या हे विचारते, तेव्हा एका कळीवर उत्तर समोर येणे ही फार मोठी सोय आहे.

मात्र हे विसरता कामा नये की नावे चौकटींना असली तरी बफरे सगळ्यांची सामायिक असतात. ‘बाग’ चौकटीत बफर बदलायला गेले की यादीत भाषांतराच्याही फायली दिसतात, आणि एकच फाइल दोन चौकटींत उघडली तर एकीत केलेला बदल दुसरीत त्याच क्षणी दिसतो. फक्त कर्सरची जागा प्रत्येक खिडकीची वेगळी असते. सुरुवातीला मला याचा त्रास वाटे, आता त्यातच या पद्धतीचे बळ आहे असे वाटते. मराठी टंकनाची पद्धत, म्हणजे इमॅक्समधील इन्स्क्रिप्ट, हीदेखील बफराबरोबर जाते, चौकटीबरोबर नाही. हिशेबाच्या फाइलमध्ये ती चालू केली असेल तर त्या फाइलच्या प्रत्येक चौकटीत चालू असते आणि शेजारच्या इंग्रजी मजकुरात बंद असते. ज्यांना पूर्ण वेगळेपण हवे असेल त्यांनी निराळ्या नावाने दुसरा डीमनच चालवावा आणि क्लायंटला ‘एस’ या पर्यायाने त्याचे नाव सांगावे. मी तसे केले नाही, कारण भाषांतर करताना शब्दसूचीतील शब्द कोणत्याही चौकटीतून हाताशी असणे मला अधिक गरजेचे आहे.

आता बंद करण्याविषयी. गेल्या मे महिन्यात सुट्टीसाठी आलेला भाचा माडीवर संगणकावर बसला होता. त्याने पडद्यावरच्या सर्व चौकटी एकामागून एक बंद केल्या आणि मग त्याच्या लक्षात आले की त्यांत माझे काम होते. तो धावत खाली आला आणि म्हणाला, “मामा, मी सगळं बंद केलं, तुमचं लिहिलेलं गेलं का हो?” मी वर जाऊन कळ दाबली आणि अर्धवट वाक्यासकट सगळा मजकूर जिथल्या तिथे परत आला. साध्या इमॅक्समध्ये शेवटची चौकट बंद करणे म्हणजे इमॅक्सच बंद करणे. डीमनमध्ये चौकट गेली तरी बफरे सेवेजवळ राहतात, साठवलेली असोत वा नसोत. म्हणून चौकट बंद करताना आपण नेमके काय बंद करतो आहोत हे माहीत असले पाहिजे. कंट्रोल-एक्स, मग ५, मग शून्य या कळांनी फक्त समोरची चौकट जाते. कंट्रोल-एक्स आणि कंट्रोल-सी या कळा, ज्यांनी साधा इमॅक्स बंद होतो, त्या क्लायंटच्या चौकटीत फक्त त्या क्लायंटची जोडणी संपवतात. कंट्रोल-एक्स आणि मग हॅशचे चिन्ह या कळांनी वाट पाहत थांबलेल्या गिटसारख्या प्रोग्रामला काम झाल्याचे कळते. अठ्ठाविसाव्या आवृत्तीपासून ‘सर्व्हर-एडिट-अबॉर्ट’ ही आज्ञाही आहे. तिने क्लायंटला काम फसल्याचा संकेत जातो आणि गिटमधील नोंद रद्द होते. ‘सेव्ह-बफर्स-किल-इमॅक्स’ या आज्ञेने मात्र संपूर्ण सेवाच थांबते, म्हणून मी तिला कोणतीही कळ दिलेली नाही. ती पूर्ण नावानिशी टंकूनच द्यावी लागते.

पावसाळ्यात माझे बसणे बदलते. माडीवर पत्र्याचा आवाज असह्य होतो, म्हणून मी लॅपटॉप घेऊन ओटीवर येतो आणि एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, माडीवरील संगणकात शिरून ‘टी’ पर्यायाने त्याच डीमनची टर्मिनल-चौकट उघडतो. वर अर्धवट सोडलेला परिच्छेद खाली त्याच स्थितीत पुढे चालू होतो. टर्मिनलमध्ये जोडाक्षरे पूर्णपणे टर्मिनलच्या भरवशावर असतात आणि बऱ्याच टर्मिनलमध्ये ती विस्कटतात, कर्सर एका अक्षरावर दिसतो आणि खोडले जाते दुसरेच. त्यामुळे ओटीवर मी मुख्यतः हिशेब आणि प्रोग्रामची कामे करतो, मराठी मजकुराची अंतिम सफाई वरच करतो.

या दोन ठिकाणच्या वापरात एक खोड मला फार उशिरा समजली. वरच्या चौकटीत इमॅक्सने एखादा प्रश्न विचारलेला असेल, उदाहरणार्थ फाइल साठवायची का, आणि उत्तर न देता मी खाली आलो, तर खालच्या टर्मिनलमधील चौकट दिसते पण एकही कळ घेत नाही. कारण असे की मिनीबफरमधील, म्हणजे चौकटीच्या तळाच्या ओळीतील, प्रश्न चालू असेपर्यंत इमॅक्स एकाच पडद्याच्या कळफलकाकडे लक्ष देतो. एकाच पडद्यावरील दोन ग्राफिकल चौकटींना हा त्रास होत नाही, कारण त्यांचा कळफलक एकच असतो. दोन निरनिराळी टर्मिनले किंवा एक पडदा आणि एक टर्मिनल असेल तर होतो. पहिल्यांदा हे घडले तेव्हा माझा एसएसएचला, वाय-फायला आणि पावसाला दोष देऊन झाला. आता माडीवरून उठताना मिनीबफर रिकामा आहे ना, हे पाहून कंट्रोल-जी दाबण्याची सवय मी स्वतःला लावून घेतली आहे.

सेवा चौकटींवाचून जगते हे खरे, पण दोन प्रसंगी ती चौकटींबरोबर मरते, आणि मी दोन्ही अनुभवले आहेत. एका जुलैमध्ये, दिवसभर वीज येत-जात होती तेव्हा, मी वरच्या ग्राफिकल सत्रातून लॉगआउट करून फक्त इन्व्हर्टरवर यंत्र चालू ठेवले, म्हणजे खालून काम करता येईल. खाली आलो तर डीमन नाहीसा झालेला. सिस्टमडीच्या वापरकर्त्यापुरत्या सेवा त्या वापरकर्त्याचे शेवटचे सत्र संपले की थांबवल्या जातात. त्या टिकाव्यात म्हणून ‘लॉगिनसीटीएल’ या आज्ञेने ‘एनेबल-लिंगर’ करावे लागते. ते केले. पुढच्या वेळी पुन्हा लॉगआउट केले आणि डीमन पुन्हा गेला. तेव्हा सेवेची नोंदवही (लॉग) उघडून पाहिली आणि तिच्यात इमॅक्सनेच सुरुवातीला दिलेली सूचना सापडली: जीटीके या बटणे-पट्ट्या रेखाटणाऱ्या टूलकिटमधील एका जुन्या दोषामुळे एक्स-११ या ग्राफिकल पडद्याच्या यंत्रणेची जोडणी अचानक तुटली तर डीमन कोसळू शकतो, आणि ल्युसिड या टूलकिटसह बांधलेल्या इमॅक्समध्ये ही अडचण नाही. ती सूचना प्रत्येक वेळी माझ्यासमोर छापली जात होती आणि मी ती कधी वाचली नव्हती. त्याच आठवड्यात मी ल्युसिडचा इमॅक्स बसवला. त्याच्या साधनपट्ट्या आणि सरकपट्ट्या जुनाट दिसतात, पण त्या मी तशाही बंद ठेवतो, आणि त्यानंतर ग्राफिकल सत्र कितीदाही गेले तरी सेवा गेलेली नाही.

त्या दोन्ही वेळी माझे नुकसान थोडके झाले, कारण इमॅक्स दर ३०० कळांनंतर किंवा सुमारे ३० सेकंद स्वस्थ बसल्यावर मजकुराची आपोआप प्रत ठेवतो, आणि ‘रिकव्हर-सेशन’ या आज्ञेने त्या प्रती परत मिळतात. तरीही न साठवलेला मजकूर डीमनच्या भरवशावर दिवसचे दिवस ठेवण्याची सवय वाईटच. चौकट बंद झाली की आपले साठवायचे राहिले हे डोळ्यांसमोर उरत नाही. यासाठी मी चौकट हटवण्याच्या हुकवर एक छोटे फंक्शन टाकले आहे, जे न विचारता फायलींची सर्व बदललेली बफरे साठवून टाकते. विचारणारे फंक्शन तिथे टाकू नये, कारण त्याचा प्रश्न नाहीशा होत चाललेल्या चौकटीत उमटतो.

हाच नियम सेवा सुरू होण्याच्या क्षणालाही लागू आहे. मांडणीची फाइल वाचताना एखादा भाग हो-नाही विचारून थांबला, तर तो प्रश्न दाखवायला चौकटच नसते; सेवा उत्तराची वाट पाहत बसते आणि काही वेळाने सिस्टमडी ती अपयशी ठरवून बंद करतो. म्हणून मांडणीत काही बदल केला की मी आधी साध्या पद्धतीने दुसरा इमॅक्स उघडून तो काही विचारतो का हे पाहतो. तो गप्प राहिला, की मग सर्व फायली साठवतो, सेवा थांबवून पुन्हा सुरू करतो, आणि ‘बाग’ची कळ दाबून चौथ्या कार्यक्षेत्रावर चौकट योग्य अक्षरांसह उघडते आहे ना, याची खात्री करून घेतो.